वीज नियमांतल्या 'किरकोळ दुरुस्ती'वर आपल्याला का विचारतात?

पेपरात आतल्या पानावर बारीक अक्षरात वीज नियामक आयोगाची (विजेचे दर आणि नियम ठरवणाऱ्या संस्थेची) जाहीर सूचना येते, दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केलाय, हरकती व सूचना अमुक तारखेपर्यंत पाठवा. मसुदा उघडावा तर जेमतेम दोन पानं, त्यातही 'या आकड्याऐवजी हा आकडा वाचावा' एवढंच. मग एवढ्याशा बदलाला लोकांना कशाला विचारायचं?

मूळ पार ब्रिटिशांच्या काळात आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम 23 सांगतं की ज्या नियमांना पूर्वप्रसिद्धीची अट आहे त्यांचा मसुदा आधी छापा, तारीख द्या, आलेल्या हरकतींचा विचार करा. 2003 च्या वीज कायद्याने हीच अट केंद्रीय आणि राज्य दोन्ही वीज आयोगांच्या सगळ्या रेग्युलेशन्सना, म्हणजे आयोगाने केलेल्या नियमांना, लावली. सगळ्या म्हणजे सगळ्या, छोटा बदल मोठा बदल असा फरक कायद्यात नाहीच.

पण कागदावरची अट वेगळी आणि लोक खरंच फायली घेऊन सुनावणीला येणं वेगळं. ती सवय आपल्याकडे लागली त्यात एन्रॉन या अमेरिकी वीज कंपनीचा वाटा मोठा. डिसेंबर 1993 मध्ये तिच्या दाभोळ प्रकल्पाची वीज घ्यायचा करार झाला, लोकांना काही न विचारता, 1995 मध्ये रद्द झाला, पुन्हा वाटाघाटी, 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू आणि 2001 मध्ये बंद!! त्याच 1999 मध्ये राज्याचा वीज नियामक आयोग आला आणि पुण्याची प्रयास ही संस्था, मुंबई ग्राहक पंचायत अशी मंडळी राज्य वीज मंडळाचे आकडे तपासायला बसली. शेतीपंपांना मीटर नव्हते, त्यामुळे गळती आणि चोरीतला बराच भाग 'शेतीचा वापर' म्हणून खपून जायचा, आयोगापुढे हिशोब मांडायची वेळ आली तेव्हा गळतीचा आकडा एकदम 30 टक्क्यांच्या वर गेला. हे आधी कोणी विचारलंच नव्हतं.

आता बाजाराकडे. 1 जुलै 2002 ला देशात सगळ्यात आधी ग्रिडच्या, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याच्या, आपल्या पश्चिम विभागात नवी पद्धत आली: दिवसाचे 15-15 मिनिटांचे 96 तुकडे, प्रत्येक तुकड्यात ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढली तर त्याचा दर ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीवर ठरणार (मागणी पुरवठ्यापेक्षा वाढली की ती 50 हर्ट्झच्या खाली घसरते). फ्रिक्वेन्सी 50.5 ला गेली तर दर शून्य, 49 कडे घसरली की महाग. कल्पना भारी होती, पण काही राज्यांनी हीच वीज खरेदीची सोय करून टाकली. 30 आणि 31 जुलै 2012 ला ग्रिड कोसळलं, त्याच्या कारणांत जास्तीची ओढ पण होती. नंतर 2014 मध्ये नियम बदलले आणि ग्रिडने 49.90 ते 50.05 मध्ये राहायचं ठरलं. कागदावर बघाल तर दोन आकडे खोडून दोन नवे लिहिलेत, पण कंट्रोल रूममधल्या माणसाची झोप उडवणारे आकडे आहेत ते, आणि जास्त ओढीचा दंड शेवटी वीजबिलात यायची भीती असतेच.

सगळंच मसुद्याच्या वाटेने येतं असंही नाही हं. मार्च 2022 मध्ये वीज एक्सचेंजवर (जिथे विजेची खरेदी-विक्री होते) युनिटचा भाव 20 रुपयांना टेकला तेव्हा केंद्रीय आयोगाने स्वतःहून ऑर्डर काढून 1 एप्रिलला 12 रुपयांची मर्यादा घातली, पुढच्या वर्षी 10. घाईत ते समजण्यासारखं आहे, पण ऑर्डर आणि रेग्युलेशन यातला फरक इथे कळतो: ही ऑर्डर मसुदा न काढताच आली.

आणि एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. 2010 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ठरवलं की रेग्युलेशन एकदा झालं की ते वैध की अवैध हे वीज अपील न्यायाधिकरण बघू शकत नाही, त्यासाठी हायकोर्टात रिट करावी लागते. म्हणजे वकिलाची फी न भरता बोलायची जागा मसुद्यावरच. तिथे लिहितं कोण, तर वीज बनवणाऱ्या कंपन्या, वीज ट्रेडर, एक्सचेंज, वितरण कंपन्या, ज्यांच्याकडे याच कामाला पगारी माणसं बसवलेली असतात.