तसबीह

तसबीह : नमाजेनंतरचा जप किंवा सूफींचा जिक्र (ईश्वराचे नामस्मरण) मोजण्यासाठी मुसलमान वापरतात ती मण्यांची माळ. अरबीत तिला सुब्हा वा मिस्बहा म्हणतात. माळेत सामान्यतः ९९ किंवा ३३ मणी असतात. ९९ मण्यांची माळ दोन निराळ्या आकाराच्या मण्यांनी तीन सारख्या भागांत विभागलेली असते. दोऱ्याची दोन्ही टोके ज्या लांबट मण्यातून ओवून बाहेर काढतात त्यास इमाम म्हणतात. तो मोजणीत धरत नाहीत. नमाजेनंतर ‘सुब्हानल्लाह’ व ‘अल्हम्दुलिल्लाह’ ३३-३३ वेळा आणि ‘अल्लाहु अकबर’ ३४ वेळा म्हणण्याचा प्रघात पैगंबरकन्या फातिमा यांच्या नावाने ओळखला जातो. शिया परंपरेत यांतील ‘अल्लाहु अकबर’ आधी म्हणतात.

माळेच्या उगमाविषयी एकमत नाही. कुराणात ईश्वराच्या स्तुतीची आज्ञा वारंवार येते, माळेचा उल्लेख मात्र नाही. हदीसांत (पैगंबरांच्या उक्ती व आचरणाच्या नोंदींत) खडे व खजुराच्या बिया मोजण्याचे प्रसंग आहेत. पैगंबरपत्नी सफिय्या यांच्यापुढे ४,००० बिया होत्या, ही तिर्मिझीच्या (मृ. ८९२) संग्रहातील हदीस त्यातलीच, पण तिची सनद (ती सांगणाऱ्यांची परंपरा) खुद्द तिर्मिझीलाच पक्की वाटत नाही. याउलट अबू दाऊदच्या (मृ. ८८९) संग्रहात स्त्रियांना बोटांवर मोजण्यास सांगितले आहे, कारण कयामतीच्या दिवशी बोटांनाही साक्ष द्यावी लागेल. ओवलेल्या माळेचा बऱ्यापैकी जुना पुरावा धर्मग्रंथात नव्हे, तर काव्यात मिळतो, हे लक्षणीय आहे. मद्यकाव्यासाठी ख्यातनाम असलेला अबू नुवास (मृ. सु. ८१४) तुरुंगातून वजिराला आपण सुधारल्याची ग्वाही देतो : हाती तसबीह, गळ्यात कुराण. या विनोदात गोडी यायची तर श्रोत्यांना माळ परिचयाची असलीच पाहिजे. तेव्हा इ. स. ८०० च्या सुमारास बगदादमध्ये ती धार्मिकतेची खूण झाली होती, असे मानण्यास हरकत नाही.

हंगेरियन अभ्यासक इग्नाझ गोल्डझिहर याने १८९० मध्ये माळेचे मूळ भारतीय जपमाळेत शोधले. बौद्ध वस्ती असलेल्या पूर्व इराण व मध्य आशियातून ती सूफींकडे आली असावी, हे या मताच्या बाजूने सांगता येते. पूर्वेकडील ख्रिस्ती संन्याशांकडे बोट दाखवणारेही आहेत. मोजण्याची सवय अरबस्तानातील आणि ओवलेल्या माळेचे रूप पूर्वेकडचे, असा दुहेरी उगम उपलब्ध पुराव्यास अधिक जुळतो. मात्र दुवा जोडणारा थेट दस्तऐवज नाही.

माळेला विरोधही जुनाच. एवढा थोर सूफी असून हातात माळ कशाला, असे जुनैदला (मृ. ९१०) विचारले असता, ज्या वाटेने ईश्वरापर्यंत पोचलो ती सोडणार नाही, असे उत्तर त्याने दिल्याचे सांगतात. इजिप्तमधील विद्वान सुयूती याने (१४४५–१५०५) माळेच्या समर्थनार्थ स्वतंत्र पुस्तिका लिहिली, यावरून वाद तोवर मिटला नव्हता हे उघड आहे. सलफी विचाराचे (आरंभीच्या पिढ्यांचाच आचार प्रमाण मानणारे) अनेक उलेमा म्हणजे धर्मपंडित आजही तिला बिदअत (धर्मात घुसलेली नवी प्रथा) ठरवून बोटांवरील मोजणी पसंत करतात.

शियांमध्ये इमाम हुसैन जेथे मारले गेले त्या करबलाच्या (इराक) मातीच्या मण्यांना विशेष मान आहे. माळेचे काही मणी सहज पकडून, ते मोजून इस्तिखारा (कौल) पाहण्याची रीतही त्यांच्यात आढळते. १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अभ्यासक एडवर्ड लेन याने कैरोतील दफनानंतरच्या रात्रीचा विधी नोंदवला आहे. त्यात कबुतराच्या अंड्याएवढ्या १,००० मण्यांच्या माळेवर कलिम्याचा पहिला भाग (‘ला इलाहा इल्लल्लाह’) ३,००० वेळा म्हणत. दर हजारानंतर थोडी विश्रांती व कॉफी होई.

मणी लाकूड, खजुराच्या बिया, ऑलिव्हच्या बिया, कहरुबा (अंबर), पोवळे, अकीक (एक रंगीत खडा) यांचे करतात. तुर्कस्तानात एर्झुरूम भागातील काळा ओल्तू दगड प्रसिद्ध आहे. भारतात खंभातचे कारागीर अकीकचे मणी घडवतात. महाराष्ट्रात दर्ग्यांबाहेरच्या दुकानांत तसबीह मिळते आणि हजहून परतणारे जमजमचे पाणी व खजुरांबरोबर ती आप्तांना वाटतात. अलीकडे बोटात अडकवण्याचे, आकडे दाखवणारे यंत्रही वापरात आले आहे.