मराठी मंडळ्यांची वाढ आणि बाप्तिस्मा : पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात कोणी मनोमन ख्रिस्ताला मानले, तर त्याकडे काणाडोळा होऊ शकत असे. बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्मात प्रवेशाचा पाण्याचा विधी, घेतला की मात्र घर, जात आणि बहुधा वारसाही सुटत असे. मंडळीच्या, म्हणजे ख्रिस्ती उपासक-समुदायाच्या, बाजूने पाहिले, तर बाप्तिस्म्याखेरीज प्रभुभोजनाचा (ख्रिस्ताच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस घेण्याच्या विधीचा) अधिकार मिळत नसे, त्यामुळे एकाच विधीने एका समाजाचे दार उघडे आणि दुसऱ्याचे बंद होई.

१८३९ साली मुंबईत स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी व होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले. निकाल धनजीभाईंच्या बाजूने लागला खरा, पण पालकांनी भराभर मुले काढून घेतल्याने शाळा ओस पडली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाचा बाप्तिस्मा झाला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याचा तर झालाही नव्हता; तो मिशनऱ्यांकडे राहिला आणि जेवला होता, एवढेच. कोर्टाने त्याला वडिलांच्या हवाली केले; परंतु प्रायश्चित्त देऊन त्याला जातीत घ्यावे की नाही, यावरून ब्राह्मणांत तट पडले आणि घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना मोठा रोष पत्करावा लागला. धर्मांतरामुळे वारसाहक्क बुडू नये, असा कायदा १८५० साली झाला. पंगतीत मात्र कायदा चालत नव्हता.

मंडळ्यांची संख्या वाढली ती अशा गाजलेल्या खटल्यांतून नव्हे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून काम केलेल्या अहमदनगर भागात महार आणि मांग कुटुंबे सोयऱ्याधायऱ्यांच्या ओळखीने पुढे आली. महारवाड्यातच राहून बाप्तिस्मा घेता येत असल्याने तिथे घर तुटत नसे, उलट एकामागून एक घर जोडले जाई. दुष्काळाच्या काळात इच्छुक वाढले, तेव्हा त्यांच्यातला पोटासाठी आलेला कोण आणि श्रद्धेने आलेला कोण, हा पेच पाळकांपुढे, म्हणजे मंडळ्यांच्या धर्मगुरूंपुढे, उभा राहिला.

या साऱ्याचा सर्वांत धीट पुनर्विचार कवी नारायण वामन टिळकांनी केला. १८९५ साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंपासून काही वर्षांची ताटातूट त्यांना सोसावी लागली; पुढे १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवले. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही.