आनमुडीचा तांबडा वृक्षबेडूक

केरळच्या इडुक्की जिल्ह्यातील आनमुडी (२,६९५ मीटर) या पश्चिम घाटातील सर्वांत उंच शिखराच्या माथ्यावरील गवतात राहणारा लहान बेडूक. शास्त्रीय नाव राओर्केस्टेस रेस्प्लेंडेन्स. सत्यभामा दास बिजू आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. प्रजातिनामातील ‘राओ’ हे भारतीय बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांच्या स्मरणार्थ आहे. तो आनमुडी ज्यात येते त्या एरविकुलम राष्ट्रीय उद्यानातूनच ज्ञात असून २०११ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी झाली.

कुळ वृक्षबेडकांचे, पण याची वस्ती जमिनीलगत. रंग झळाळता नारिंगी-तांबडा. पाठीवर आणि पायांवर फुगीर ग्रंथींचे ठळक उंचवटे, पाय आखूड. ओल्या हिरव्या गवताच्या बुंध्याशी बसलेला हा बेडूक विस्तवाच्या कणासारखा दिसतो.

या प्रजातीतील बेडकांना डबके लागत नाही. पिल्लू डिंभकाची (बेडूकमाशाची) अवस्था अंड्यातच पार करते आणि चार पायांचा इवलासा बेडूक होऊनच बाहेर येतो. आनमुडीवर मादी बुटक्या बांबूच्या बेटात, पानांच्या बुडाशी अंडी घालते. पाणी साचलेले नसले तरी चालते, ओल मात्र अखंड हवी. अंड्याभोवतीचा चिकट थर सुकला की गर्भ मरतो. म्हणून धुके, पाऊस आणि दाट गवत या तिन्हींवर त्याचा जीव अवलंबून आहे.

खोलगट भागांत शोला म्हणजे खुरटी सदाहरित जंगले आणि उतारांवर गवत, असा इथला अधिवास. गवताला पडीक समजणे ही घाटातली जुनी चूक. निलगिरी, वॉटल यांसारखी परकी झाडे गवताळ माळांवर लावली गेली. त्यांच्या सावलीत गवत विरळ होते आणि त्याच्या बुंध्याशी टिकणारा ओलावाही जातो. वणव्याचेही तसेच. ओलसर गवतावरून झरझर पुढे जाणारी आग बुंधे राखते. अनेक वर्षे साठलेल्या वाळक्या गवतात ती रेंगाळते आणि बांबूच्या मुळापर्यंत जाळते.

सर्वांत अवघड प्रश्न उंचीचा आहे. हवा तापली की डोंगरउतारावरचे प्राणी वर सरकतात; हा आधीच माथ्यावर आहे.

बेडकांच्या त्वचेला जडणारी कायट्रिड बुरशी चिखलातूनही पसरते. एका ओढ्यातून दुसऱ्या भागात जाण्यापूर्वी बूट घासून, निर्जंतुक करून पूर्ण वाळवावेत. निरीक्षण पावसाळी रात्री, मंद विजेरीने आणि पायवाट न सोडता करावे. अंडी पाहण्यासाठी बांबूची पाने फाकवू नयेत: बुडाशी जपलेली ओल वाऱ्याने उडते आणि अंडी सुकतात.