व्हार्मिंट रायफलसाठी काडतुसांची हातभरणी

शेत, कुरण किंवा पाळीव जनावरांचे नुकसान करणाऱ्या लहान प्राण्यांवर लांबून अचूक नेम साधावा, म्हणून रायफलची काडतुसे घरी एकेक करून भरण्याची पद्धत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत ती छंद म्हणून चांगलीच रुजली आहे. तिकडे अशा प्राण्यांना सरसकट ‘व्हार्मिंट’ म्हणतात. पूर्वेकडच्या शेतांत बिळे खणणारा ग्राउंडहॉग, मधल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांतला, खारीच्या कुळातला प्रेअरी डॉग, लांडग्यासारखा दिसणारा कायोटी आणि पश्चिमेच्या डोंगरांतला रॉकचक हे त्यांतले मुख्य. लडाखला गेलेल्यांनी पाहिलेला मार्मोट हा या रॉकचकचाच भाऊबंद.

अचूकतेचा एवढा ध्यास कशासाठी, हे लक्ष्याच्या आकारावरून कळते. बिळाच्या तोंडाशी उभा असलेला प्रेअरी डॉग समोरून जेमतेम तीन इंच रुंद दिसतो. नेमबाजीत गोळ्यांचे विखुरणे कोनीय मिनिटांत (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) मोजतात आणि १०० यार्डांवर एक मिनिट म्हणजे १.०४७ इंच. त्यामुळे ३०० यार्डांवर (सुमारे २७५ मीटर) तो प्राणी एका मिनिटाएवढाच उरतो. वाऱ्याच्या आणि हाताच्या चुकीला जागा ठेवायची, तर रायफल आणि काडतूस मिळून अर्ध्या मिनिटाच्या आत यायला हवीत. हरणाच्या शिकारीला दोन मिनिटांची रायफलही चालून जाते.

या छंदाचा इतिहास टंचाईतून सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात शिकारीच्या गोळ्या बाजारातून नाहीशा झाल्या. तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावच्या फ्रेड हंटिंग्टन यांनी .२२ रिमफायर या छोट्या काडतुसाच्या (.२२ हा नळीचा इंचांतला अंदाजे व्यास) उडालेल्या रिकाम्या कोषांपासून गोळीचे आवरण घडवणारे साचे बनवले. त्यांचे नाव ‘रॉक चक बुलेट स्वेज’. १९४३ मध्ये सुरू झालेल्या या उद्योगाची आद्याक्षरे, आर.सी.बी.एस., आजही हातभरणीच्या यंत्रांवर दिसतात. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी सैन्याची उरलेली बंदुकीची दारू घेऊन किरकोळ विकायला काढली आणि सिएरा (१९४७) व हॉर्नेडी (१९४९) या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. सामान स्वस्त झाले आणि घरातल्या टेबलावर काडतुसे भरणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आले.

काडतुसांची घडणही याच काळात पुढे सरकली. विंचेस्टरच्या .२२० स्विफ्टने १९३५ मध्येच सेकंदाला ४,००० फुटांच्या वर वेग गाठला होता. पण नळी लवकर जाळणारे काडतूस अशी त्याची ख्याती झाली. खरा बदल घडवला तो १९५० च्या .२२२ रेमिंग्टनने. त्याचे जनक माइक वॉकर स्वतः बेंचरेस्ट (रायफल टेबलावर टेकवून नेम साधण्याच्या) स्पर्धांतले नेमबाज होते आणि हे काडतूस त्या स्पर्धांवर कित्येक वर्षे राज्य करून गेले. .२२३ रेमिंग्टन १९६४ चे. .२२-२५० हे हौशी लोकांनी घडवलेले काडतूस १९६५ मध्ये रेमिंग्टनने कारखान्यात घेतले, तर .२०४ रुगर २००४ मध्ये आले.

काडतुसाचे भाग चार: पितळी कोष, त्याच्या बुडाशी बसणारी, दारू पेटवणारी टोपी, दारू आणि गोळी. पुन्हा वापरता येतो तो फक्त कोष. बार उडाला की तो फुगून त्या विशिष्ट रायफलच्या चेंबरचा (नळीत काडतूस बसते त्या जागेचा) आकार घेतो. पुढच्या भरणीला त्याला साच्यात दाबून पुन्हा मापात आणावे लागते. जाणकार मात्र कोषाचा खांदा (तो तोंडाकडे निमुळता होतो तो भाग) एक-दोन सहस्रांश इंचच मागे ढकलतात. जास्त ढकलला तर प्रत्येक बाराला पितळ बुडाजवळ ताणले जाते, पातळ होते आणि शेवटी तिथे आडवी भेग जाते. ही भेग बाहेरून दिसण्याआधी ओळखायची युक्ती साधी आहे. कागदाची यू-पिन सरळ करायची, टोकाला छोटा आकडा वळवायचा आणि तो कोषाच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढायचा. पितळ पातळ झाले असेल तर आकडा खाचेत किंचित अडतो. असा एक कोष सापडला, तर त्याच्या बरोबरीने तितक्याच वेळा वापरलेले सगळे कोष मोडीत काढतात.

गोळीची निवड नळीच्या आट्यांवर, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचांवर, ठरते. .२२२ आणि .२२-२५० च्या जुन्या रायफलींत गोळी १४ इंचांत एक फेरा घेते, ५०-५५ ग्रेनच्या आखूड गोळीला तेवढे पुरते (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम). लांब गोळी मात्र अशा नळीतून स्थिर राहत नाही. उलटपक्षी, आठ इंचांत एक फेरा देणाऱ्या नळीतून सेकंदाला ३,६०० फुटांनी निघालेली गोळी मिनिटाला ३,२४,००० फेरे घेते. व्हार्मिंटच्या गोळीचे आवरण मुद्दाम पातळ ठेवलेले असते, म्हणजे ती लागताक्षणी फुटते आणि दगडावरून उसळून दूर जात नाही. अशी नाजूक गोळी इतक्या फेऱ्यांत हवेतच विस्कटू शकते.

दारूचे प्रमाण हा भाग सर्वांत जोखमीचा. कारखान्यांच्या छापील पुस्तिकेत सुरुवातीचे आणि कमाल असे दोन आकडे असतात. भरणारा खालून सुरू करून ग्रेनच्या अंशाअंशाने वर जातो. टोपी, कोष किंवा गोळी बदलली की पुन्हा खाली येतो. .२२२ ची दाबमर्यादा चौरस इंचाला ५०,००० पौंड, तर .२२-२५० ची ६५,००० पौंड. म्हणून एकाचा अंदाज दुसऱ्याला लागू पडत नाही. टोपी चपटी होणे, कोषाच्या बुडावर चकाकता ठसा उमटणे, बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) जड जाणे ही जास्त दाबाची लक्षणे खरी, पण ती दिसतात तोवर मर्यादा बहुधा ओलांडून झालेली असते. त्यांच्या भरवशावर वर चढत जाणे हा शुद्ध अविचार.

त्यानंतर येतो ‘जुळणारा भार’, म्हणजे त्या रायफलला मानवणारे दारूचे प्रमाण, शोधण्याचा खेळ, आणि इथे या छंदातली बरीचशी समजूत डळमळीत आहे. रूढ पद्धत अशी: वेगवेगळ्या भारांचे तीन-तीन बार काढायचे, ज्याची भोके सर्वांत जवळ पडली तो भार उत्तम. पण एकाच भाराचे तीन-तीन बारांचे गट पुन्हा पुन्हा काढले, तरी एखादा गट योगायोगाने अगदी घट्ट पडतोच. त्याच भाराचे दहा बार काढा, गटाची रुंदी सरासरीने दीडपटीहून अधिक भरते. खिशात जपून ठेवलेल्या पाव इंची गटाच्या कागदामागे पुष्कळदा एवढेच गणित असते. क्रेटन ऑडेट यांच्या नावाने ओळखली जाणारी शिडीची चाचणीही (पायरीपायरीने दारू वाढवत बार काढण्याची), प्रत्येक पायरीला एकेकच बार असेल तर, याच फसगतीला वाट देते. चांगली नळी आणि चांगली गोळी यांचा वाटा मोठा. ग्रेनच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या दारूवर रात्री घालवण्याने पदरात फारसे पडत नाही. गोळी आट्यांपासून किती अंतरावर बसवायची, याने काही रायफलींत फरक पडतो. मात्र ती आट्यांना टेकवली की दाब वाढतो.

मैदानावर आणखी दोन गोष्टी हिशेब बिघडवतात. प्रेअरी डॉगच्या वसाहतीत दिवसाला शेकडो बार उडतात, नळी तापते आणि तिचा घसा (आट्या सुरू होतात तो भाग) झिजतो. उन्हात पडलेल्या काडतुसातली दारू अधिक वेगाने जळते. म्हणून जाड नळी आणि तापमानाला कमी दाद देणारी दारू पसंत करतात. दुसरा वारा. ताशी १६ किलोमीटरचा आडवा वारा .२२३ ची ५५ ग्रेनची गोळी ३०० यार्डांवर नऊ-दहा इंच ढकलतो, म्हणजे लक्ष्याच्या रुंदीच्या तिप्पट.

भारतात या छंदाला जागा नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याविना दारूगोळा तयार करणे गुन्हा आहे आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ ने शिकारीवर बंदी आहे. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवाना दिलेल्या ठासणीच्या बंदुकीत दारू हातानेच भरतात. पण तिथे तोंडाकडून बार ठासायचा असतो, कोष जुळवायचा प्रश्नच येत नाही.

अमेरिकेतही या शिकारीवर आक्षेप आहेत. काळ्या पायांचे फेरेट हा लांबट अंगाचा छोटा मांसाहारी प्राणी जवळजवळ संपूर्णपणे प्रेअरी डॉगवर जगतो, म्हणजे प्रेअरी डॉग मारले की त्याचे अन्नच जाते. तो नामशेष झाला असे मानले जात असतानाच १९८१ मध्ये वायोमिंगमधल्या मीटीट्सीजवळ पुन्हा सापडला. मारून टाकलेल्या प्राण्यांतले शिशाचे कण खाऊन गरुड-ससाण्यांना विषबाधा होते, ही दुसरी तक्रार. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. तांबे शिशापेक्षा हलके असल्याने त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि १४ इंची फेऱ्याच्या जुन्या नळ्यांना ती नेमकी झेपत नाही. अशा रायफलीच्या मालकाला हलकी, आखूड गोळी घ्यावी लागते किंवा नवी नळी बसवावी लागते.