पांढरी तीनचा गोडवा कुठून आला

खानदेशातल्या एखाद्या भजनी मंडळात नवा बासरीवाला येऊन बसला की पेटीवाला त्याला राग किंवा अभंग विचारण्याआधी पट्टी, म्हणजे ‘सा’ कुठला धरायचा ते, विचारतो, आणि उत्तर ‘काळी एक’ किंवा ‘पांढरी तीन’ असे पेटीच्या भाषेतच, सप्तकातली कितवी काळी किंवा पांढरी पट्टी ते सांगत, येते. त्या उत्तरावर बैठकीत मतेही असतात. पांढरी चारची बासरी टोचते, काळी पाचची चिरकते, पांढरी तीनची मात्र कानाला गोड लागते, असे अनेकजण ठामपणे सांगतात. हे मत निव्वळ भ्रम नाही. पण त्याचे श्रेय जे त्या पट्टीला दिले जाते, ते फार तर निम्मे खरे आहे.

पेटीपासून सुरुवात केली तर घोळ लवकर सुटतो. आजच्या पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी चढी असते. त्यामुळे एकच अभंग काळी एकऐवजी पांढरी तीनमध्ये वाजवला तर तो उंच होतो, पण स्वरांमधली अंतरे जशीच्या तशी राहतात. बासरीचे तसे नाही. बासरीवाल्याला पट्टी बदलायची म्हणजे हातातला बांबूच बदलायचा. नवा बांबू वेगळ्या लांबीचा, वेगळ्या पोकळीचा, वेगळ्या जाडीच्या भिंतीचा असतो आणि फुंकही वेगळी मागतो. आपण ज्याला पट्टीचा गोडवा म्हणतो, तो बहुतेक वेळा या दुसऱ्या बांबूचा गोडवा असतो.

लांबीचा हिशेब सोपा आहे. दोन्ही टोकांना मोकळ्या असलेल्या नळीतल्या सर्वांत खालच्या स्वराच्या लहरीची लांबी नळीच्या दुप्पट असते. पांढरी तीनच्या मोठ्या बासरीत षड्ज, म्हणजे ‘सा’, सेकंदाला सुमारे ३३० कंपनांवर येतो आणि सहाही छिद्रे बंद केल्यावर मिळणारा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, पंचम सुमारे २४७ कंपनांवर. त्यासाठी ७० सेंटिमीटरच्या आसपास हवेचा स्तंभ लागतो. तीच पट्टी एक सप्तक वर हवी असेल तर ३५ सेंटिमीटर पुरतात. यात्रेत काठीला खोचून विकल्या जाणाऱ्या बासऱ्या साधारण याच मापाच्या किंवा त्याहून आखूड असतात. आखूड नळीत छिद्र एका मिलिमीटरने सरकले तर स्वर जितका बिघडतो, त्याच्या निम्म्यानेच तो दुप्पट लांबीच्या नळीत बिघडतो. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतून मुलाने हौसेने आणलेली बासरी घरी बेसूर वाटते, त्यात दोष पट्टीचा नसतो. घाईने पाडलेल्या छिद्रांचा असतो.

आता खानदेशाचा प्रश्न. इथल्या गुराख्याचा पावा आखूड आणि चढा का? सातपुड्याच्या उतारांवर मुख्यतः मानवेल जातीचा बांबू वाढतो. त्याची पेरे साधारण ३० ते ४५ सेंटिमीटरची, भिंत जाड, आणि कोरड्या जमिनीत तर काठी जवळजवळ भरीवच निघते. बासरीला एका पेराचा सलग, आतून गुळगुळीत तुकडा लागतो. मधे गाठ आली की आवाज अडखळतो. अशा बांबूत पाऊण मीटरची बासरी बसत नाही. शिवाय गुराख्याला ती नकोच होती. माणसाचा कान साधारण २००० ते ५००० कंपनांच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि चढ्या पाव्याचे वरचे स्वर व त्यांचे उपस्वर याच पट्ट्याकडे झुकतात, म्हणून नाल्यापलीकडच्या सोबत्याला तो सहज ऐकू जातो. तोरणमाळच्या पठारावर जो आवाज उपयोगी, तोच आवाज धुळ्याच्या बंद सभागृहात टोचरा ठरतो. पावरीची जात मुळातच निराळी. भोपळा आणि शिंग जोडलेल्या त्या वाद्याची तुलना बासरीशी करण्यात अर्थ नाही.

मंद्र, घुमारेदार बासरी म्हणजेच ‘खरी’ बासरी, ही समजूत त्या मानाने अगदी अलीकडची आहे आणि तिच्यामागे प्रामुख्याने एक माणूस आहे. बारिसाल येथे १९११ मध्ये जन्मलेल्या पन्नालाल घोष यांनी ख्यालगायकीचे गांभीर्य बासरीत आणण्यासाठी लांबी वाढवत नेली आणि सुमारे ३२ इंचांची बासरी मैफलीत रूढ केली. तिला त्यांनी सातवे छिद्रही पाडले, ज्यामुळे मंद्र पंचमाखालचा तीव्र मध्यम हाती आला. १९६० मध्ये ते गेले तेव्हा मोठी बासरी प्रतिष्ठित झाली होती. पुढे हरिप्रसाद चौरसिया यांनी प्रामुख्याने पांढरी तीनची बासरी वाजवली आणि रेडिओ, ध्वनिमुद्रिका व कॅसेटमधून तीच श्रोत्यांच्या कानात बसली. माझ्या मते यात ध्वनिक्षेपकाचा वाटा कुणी पुरेसा मोजत नाही. मंद्र बासरीचा आवाज मुळात नाजूक असतो. ध्वनिक्षेपक नसता तर तबल्यापुढे आणि हजार माणसांपुढे तो पोचलाच नसता. लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबूही सातपुड्याचा नव्हे. बासऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या उत्तर प्रदेशातल्या पिलिभीतचे कारागीरही तो आसामहून आणवतात.

युरोपात हीच गोष्ट दुसऱ्या पट्टीबाबत घडली. तिथल्या सतराव्या-अठराव्या शतकांतल्या लाकडी बासरीला सहा छिद्रे आणि एकच कळ असे, आणि सगळी छिद्रे बंद केली की ‘डी’, म्हणजे आपली पांढरी दोन, वाजे. तिच्यात ‘डी’ आणि ‘जी’ या पट्ट्या मोकळ्या वाजत, तर कोमल स्वरांच्या पट्ट्यांसाठी बोटांच्या आडव्यातिडव्या जुळण्या कराव्या लागत आणि आवाज दबका, धुरकट येई. संगीतकारांनी साहजिकच मोकळ्या पट्ट्यांत लिहिले आणि श्रोत्यांनी त्यांनाच तेजस्वी मानले. रॉबर्ट क्लार्क याने १८४३ मध्ये इंग्लंडमध्ये पत्र्याची स्वस्त शिट्टी बनवायला घेतली. पुढे आयर्लंडच्या लोकसंगीतात ‘डी’चीच शिट्टी सर्वांत जास्त रुळली, कारण सोबतचे व्हायोलिन आणि तिथला भात्याने हवा भरून वाजवायचा पावाही त्याच पट्टीत सुखाने वाजतात. थिओबाल्ड बोम याने १८४७ मध्ये कळांची नवी बासरी सिद्ध केल्यावर पट्ट्यांमधला हा फरक बराचसा मिटला, पण त्यांची कीर्ती मात्र मिटली नाही.

पट्टीत अंगभूत गोडवा असता तर तिची कंपनसंख्या तरी स्थिर राहायला हवी होती. तीही राहिलेली नाही. फ्रान्सने १८५९ मध्ये वाद्ये जुळवण्याचा ‘ए’ स्वर ४३५ कंपनांवर कायद्याने बांधला, १९३९ च्या लंडन परिषदेत तो ४४० ठरला, आणि अठराव्या शतकातले संगीत आज अनेक वादक ४१५ वर, म्हणजे जवळजवळ एक पट्टी खाली, वाजवतात. तेव्हाच्या ‘डी’ची मोहिनी आजच्या मापाने काळी एकची ठरते.

खानदेशात तर ऋतूही पट्टी सरकवतो. हवेतला ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पौषात १० अंशांवर असलेली हवा वैशाखात ४५ अंशांवर गेली की नुसत्या हिशेबाने बासरी अर्ध्या स्वराहून किंचित जास्तच चढते. वादकाच्या उबदार श्वासामुळे प्रत्यक्षात फरक त्याहून कमी पडतो, पण कानाला कळेल इतका उरतोच. पेटीची धातूची पाती मात्र जवळजवळ जागच्या जागी राहतात. अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेत दुपारच्या भजनाला बसलेला बासरीवाला म्हणूनच फुंकीचे छिद्र ओठांकडे किंचित वळवून स्वर उतरवत असतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर पिशवीतून दुसरी, जराशी उतरती पांढरी तीन काढतो.