काळवंडलेलं नाणं म्हणजे टाकसाळीची चूक?

‘रंग बदललेलं किंवा खड्डे पडलेलं नाणं म्हणजे टाकसाळीची चूक, जपून ठेवा, मोठी किंमत येते’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. वेगळं दिसणारं नाणं दुर्मिळ वाटणं स्वाभाविकच आहे. पण प्रश्न दिसण्याचा नाही, बदल कधी झाला याचा आहे.

धातूची कोरी चकती दोन ठशांमध्ये दाबली की नाणं तयार होतं. खरी चूक या दाबाच्या वेळी किंवा त्याआधी होते. ठसा सरकला तर नक्षी एका बाजूला कापली जाते आणि समोर कोरी चंद्रकोर उरते. नंतरची ओल, क्षार, माती मात्र तयार नक्षीच खातात: तांब्यावर हिरवट थर, खरखरीत पृष्ठभाग, झिजलेली अक्षरं.

फसवतं ते तांबूस झालेलं थरांचं नाणं, म्हणजे तांब्याच्या गाभ्यावर दुसऱ्या धातूचे पातळ थर असलेलं. वरचा थर मुळातच नसेल तर वजन ठरलेल्यापेक्षा स्पष्ट कमी भरतं; नुसता मातीचा डाग असेल तर जवळपास पूर्ण. म्हणून आधी बारीक वजनकाटा, मग भिंग. (आम्लात बुडवलेलं नाणंही हलकं भरतं, पण त्याची कड आणि अक्षरं सगळीकडून विरघळल्यासारखी दिसतात.)

आणि तपासण्याआधी घासू नका, पुरावाच निघून जातो.