पूरकाळातील स्थानिक रेडिओ, कोल्हापूर

महापूर, साथ किंवा अशाच अडचणीच्या दिवसांत कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील श्रोत्यांसाठी होणारे रेडिओ प्रसारण. नदीची पातळी, धरणांतून सुटणारे पाणी, बंद झालेले रस्ते, स्थलांतराच्या सूचना, निवारा केंद्रे, पिण्याचे पाणी, दूध आणि वैरण हे त्याचे ठरलेले विषय. हे काम मुख्यतः आकाशवाणीच्या कोल्हापूर केंद्राचे (१०२.७ मेगाहर्ट्‌झ). शिरोळ-हातकणंगले पट्ट्यात १९६३ पासून चालू असलेले आकाशवाणीचे सांगली केंद्रही ऐकले जाते. शहरात टोमॅटो एफएम (९४.३), रेडिओ मिर्ची (९८.३) या खासगी वाहिन्या आहेत.

राजाराम बंधाऱ्याचा आकडा

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात आणि तिथून पुढे पंचगंगा म्हणून वाहतात. पाचवी सरस्वती गुप्त मानली जाते. शहराला लागून कसबा बावड्याजवळ राजाराम बंधारा आहे. तिथली पातळी फूट आणि इंचांत मोजतात. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट ही धोका पातळी. मीटर-सेंटीमीटर शाळेत शिकलेली पिढीही पावसाळ्यात फुटांतच बोलते. ‘किती झालं?’ एवढाच प्रश्न विचारायचा, कशाचं ते सांगावं लागत नाही.

रेडिओवर हा आकडा ऐकला की प्रत्येक जण तो आपापल्या गल्लीला लावून पाहतो. गेल्या पुरात इतक्या फुटांना पाणी आपल्या पायरीला लागलं होतं, इतक्याला मीटरच्या पेटीपर्यंत आलं होतं, अशा खुणा घरोघरी पाठ असतात, काही घरांच्या भिंतींवर रेघाही मारलेल्या असतात. शहरात दसरा चौकाजवळच्या सुतारवाड्यात पाणी लवकर शिरते. तिथली कुटुंबे शेजारच्या चित्रदुर्ग मठात हलवली, ही दरवर्षीच्या पुरातली पहिली बातमी. त्यानंतर व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीची कुंभार गल्ली, नागाळा पार्क, दुधाळी अशी नावे येऊ लागतात. कुंभार गल्लीचे दुखणे वेगळे. पुराचे दिवस आणि गणपतीच्या मूर्ती रंगवायचे दिवस एकच, त्यामुळे तिथे आधी मूर्ती हलवायच्या की घरातले सामान, हा प्रश्न असतो.

या आकड्याची एक खोड आहे. नदी चढत असेल तर वाचलेला आकडा वाचून होईस्तोवर जुना होतो. म्हणून पातळीबरोबर मोजणीची वेळ आणि पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सांगणे आवश्यक ठरते. ज्या निवेदनात वेळ नाही ते ऐकून माणूस उलट गोंधळतो. पुरात अडकलेल्या घराला ‘४७ फूट’ यापेक्षा ‘सकाळी आठला ४७ फूट, तासाला इंचभर वाढ’ हे हजारपट उपयोगी.

बंधाऱ्यांची यादी

बाहेरच्या माणसाला कंटाळवाणा वाटेल असा या प्रसारणातला भाग म्हणजे पाण्याखाली गेलेल्या बंधाऱ्यांची यादी. जिल्हा माहिती कार्यालयाच्या पत्रकावरून ती नदीवार वाचली जाते. पंचगंगेवरील शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. भोगावतीवरील तारळे, शिरगाव, राशिवडे, हळदी, सरकारी कोगे, खडक कोगे. कासारीवरील यवलूज, पुनाळ-तिरपण, ठाणे-आळवे, बाजारभोगाव… आणि मग वेदगंगा, दूधगंगा, वारणा, हिरण्यकेशी.

हे सगळे ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’. दगडी खांबांमधल्या खाचांत पावसाळा सरल्यावर बरगे (आडव्या फळ्या) घालून पाणी अडवायचे आणि मृगाच्या सुमारास ते काढून घ्यायचे, अशी त्यांची रचना. पण खांबांवरून रस्ताही जातो, आणि अनेक गावांना पलीकडच्या गावाशी जोडणारा जवळचा रस्ता तोच असतो. त्यामुळे बंधारा पाण्याखाली जाणे ही पाटबंधाऱ्याची नोंद असली तरी ऐकणाऱ्यासाठी ती वाहतुकीची बातमी असते: आज दूध संकलनाची गाडी येणार नाही, पोरं शाळेला जाणार नाहीत, बाळंतिणीला न्यायचं तर लांबच्या वाटेनं. यादीत स्वतःच्या गावाच्या बंधाऱ्याचे नाव आले की घरातला बोलणारा माणूस हात वर करून बाकीच्यांना गप्प करतो. तीच यादी एखाद्या राज्यव्यापी बातमीपत्रात ‘जिल्ह्यातील अनेक बंधारे पाण्याखाली’ अशी एका ओळीत आटोपते. ती ओळ खरी असते, पण ती ऐकून कुणाला कुठल्या वाटेनं जावं हे कळत नाही.

यादीला जोडून मोठे रस्ते येतात. गगनबावडा मार्गावर मांडुकलीजवळ पाणी, रत्नागिरी मार्गावर केर्लीजवळ पाणी, शिये–कसबा बावडा रस्ता बंद. आणि वेळ फारच वाईट असेल तर शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग बंद.

राधानगरीचे दरवाजे

भोगावतीवरच्या राधानगरी धरणाचे बांधकाम राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झाले. त्याचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठराविक पातळीला पोचले की ते कुणी न उघडता उघडतात आणि पातळी घसरली की मिटतात. एका दरवाजातून सेकंदाला १,४२८ घनफूट, म्हणजे साधारण चाळीस हजार लिटर पाणी सुटते. ‘तीन नंबरचा आणि सहा नंबरचा दरवाजा उघडला’ असे रात्री रेडिओवर सांगितले की ते पाणी काही तासांनी आपल्यापर्यंत येणार, हे शहरातल्या माणसाला समजते. ‘विसर्ग’ (धरणातून सुटणारे पाणी) हा शब्द या जिल्ह्यात सातवी शिकलेली म्हातारीही सहज वापरते. बाकी मराठी मुलखात तो व्याकरणातच भेटतो.

२९ डिसेंबर २०२१ रोजी भर हिवाळ्यात, दुरुस्तीचे काम चालू असताना, राधानगरीचा एक दरवाजा उघडा अडकला आणि भोगावतीत अचानक पाणी वाढले. आकाशात ढग नसताना नदीकाठाला सावध करावे लागले. पूर म्हटला की पावसाकडे पाहायच्या सवयीला या घटनेने चांगलाच धक्का दिला.

नृसिंहवाडीची बातमी

कृष्णा-पंचगंगा संगमावर नृसिंहवाडी आहे. पूर चढला की नदीचे पाणी दत्तमंदिरात उत्तरेकडून शिरते आणि पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडते. याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान पुण्याचे मानले जाते, त्यामुळे सोहळ्याची बातमी ऐकून भाविक निघतात. एकाच वाक्यात आनंदाची आणि धोक्याची सूचना असावी, अशी ही जागा. निवेदकाला सोहळा झाल्याचे सांगावे लागते आणि लगेच नदीकाठी गर्दी न करण्याचेही. शिरोळ तालुक्यात पुराची चिंता पंचगंगेपुरती राहत नाही. कृष्णेचे पाणी खाली किती वेगाने जाते यावर सगळे अवलंबून, म्हणून कर्नाटकातील अलमट्टीचा विसर्गही इथल्या प्रसारणात लागतो. सीमेलगतच्या श्रोत्यांत कन्नड बोलणारेही पुष्कळ आहेत.

२०१९ आणि २०२१

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेले. महामार्ग काही दिवस बंद राहिला, ट्रकचालक रांगेतच अडकले. उपसा केंद्रे पाण्यात गेल्याने भोवताली पाणी असूनही नळ कोरडे होते, पेट्रोल तुटले, दुधाची वाहतूक थांबली. लष्कर, नौदल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या बोटी आल्या. जुलै २०२१ मध्ये पातळी ५६ फुटांपर्यंत गेली, आणि तेव्हा कोविडची दुसरी लाट जिल्ह्यातून ओसरलीही नव्हती. निवारा केंद्रात दाटीने राहायचे आणि अंतरही राखायचे, ही विसंगती सांगणाऱ्यालाही जड गेली असणार.

अशा दिवसांत वीज प्रथम जाते, मग मोबाइलचे मनोरे जनित्राचे डिझेल संपेपर्यंत टिकतात. पेन्सिल सेलवर चालणारा रेडिओ मात्र चालू राहतो. एफएम लहरी सरळ रेषेत जात असल्याने पन्हाळा-गगनबावड्याच्या डोंगरआड खरखर वाढते. सपाट शिरोळात आवाज बरा येतो. पूर्वी साध्या मोबाइलला इअरफोन लावला की त्याची वायरच अँटेना व्हायची. नव्या स्मार्टफोनमधून ही सोय कमी होऊ लागली, तेव्हा २०२३ मध्ये केंद्र सरकारने उत्पादकांना ती चालू ठेवण्याची सूचना केली. पुराच्या आदल्या आठवड्यात कोल्हापुरातले किराणा दुकानदार सेल पुढे मांडून ठेवतात, तो शहाणपणा त्या सूचनेहून जुना.

अफवा हा पुराचा जोडीदार. ‘धरण फुटलं’ हे दोन शब्द रात्री अकराला गल्लीतून गेले की पन्नास घरे जागी होतात. मोबाइलवर आलेली ध्वनिफीत कुणाची हे कळत नाही. रेडिओवरचा आवाज ओळखीचा असतो आणि तो उद्याही तिथेच असणार असतो. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक वारंवार सांगण्यामागे हेच कारण.

खासगी वाहिन्यांची मर्यादा

खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणानुसार त्या आकाशवाणीची बातमीपत्रे जशीच्या तशी देऊ शकतात. हवामान, वाहतूक, वीज-पाणी, नैसर्गिक आपत्ती यांविषयी प्रशासनाने दिलेली माहिती मात्र बातमी धरली जात नाही. या फटीतूनच पूरकाळात त्यांचे सगळे काम चालते. त्यांची बोली वेगळी: सरकारी पत्रकातले ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे’ इथे ‘भावांनो, नदीकाठी सेल्फीला जाऊ नका’ असे होते. श्रोत्याचा निरोप घेऊन पुढे पोचवणे हेही त्यांना चांगले जमते. कुठल्या तालमीत (पेठेतल्या मंडळात) चपात्या जास्त झाल्या आणि कुठल्या गावात जनावरांना वैरण नाही, या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायला वेगळ्या यंत्रणेची गरज लागत नाही. वैरणीचा मुद्दा छोटा नाही. म्हशी सोडून यायला तयार नसलेली माणसे हे स्थलांतर रखडण्याचे मोठे कारण असते, आणि जनावरांचीही सोय आहे असे सांगितले की ती लवकर निघतात.

पाणी उतरल्यावर

पातळी उतरू लागली की प्रसारणाचा सूर बदलतो. पाणी उकळून पिणे, चिखलातून अनवाणी न चालणे, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या पुरानंतरच्या तापाची) लक्षणे, पंचनाम्यासाठी लागणारी कागदपत्रे, बंद घरात शिरताना साप आणि विजेचा मीटर यांची काळजी. बंधाऱ्यांची यादी रोज आखूड होत जाते. यवलूज मोकळा झाला, हळदी मोकळा झाला. शेवटी राजाराम बंधाऱ्याचा आकडा ३९ च्या खाली येतो, आणि त्यानंतर तो निवेदनाच्या सुरुवातीला न येता हवामानानंतर कुठेतरी वाचला जातो.